सोलापूर ते थर वाळवंट, स्वतःच्या गाडीने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूरहून साधी कार किंवा छोटी एसयूव्ही घेऊन कच्छचं रण, बाडमेर, जैसलमेर, तनोट आणि मरू राष्ट्रीय उद्यान करू पाहणाऱ्यांसाठी ही माहिती आहे. अंतरं गोळाबेरीज दिली आहेत. निघण्यापूर्वी नकाशावर एकदा ताडून घ्या.

कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य. "आम्हाला उन्हाची सवय आहे" म्हणत एप्रिल-मेमध्ये निघणारे सोलापूरकर बरेच असतात, पण ती सवय तिथे फारशी कामाला येत नाही. जैसलमेरपासून दीड-दोनशे किलोमीटरवरच्या फलोदीत १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. शिवाय आपल्याकडे गाडी बंद पडली तर दहा मिनिटांत एखादी टपरी, एखादं लिंबाचं झाड सापडतं. तनोटच्या रस्त्यावर सावली नसते.

हंगामात आणि त्याच्या तोंडावर तीन काळ टाळा. दिवाळीनंतरचा आठवडा, कारण लाभपंचमीपर्यंत गुजराती पर्यटकांनी जैसलमेर भरलेलं असतं. नाताळ ते नववर्ष. आणि माघ पौर्णिमेच्या सुमारास होणारा मरू महोत्सव, तोच बघायचा असेल तर गोष्ट वेगळी. गड्ड्याची यात्रा चुकवायची नसेल तर संक्रांतीनंतर निघणं सोयीचं. तेव्हा गर्दीही उतरलेली असते आणि रणातलं पाणीही पूर्ण आटलेलं असतं.

रस्ता कोणता धरावा? पुण्यावरून की धुळ्यावरून?

धुळ्यावरून. राष्ट्रीय महामार्ग ५२ ने तुळजापूर, धाराशिव, बीड, छत्रपती संभाजीनगर, कन्नडचा घाट, चाळीसगाव, धुळे. तिथून नवापूर-सोनगढमार्गे सुरत, मग वडोदरा, अहमदाबाद. पुण्यावरूनही अंतर जवळपास तेवढंच भरतं, पण ठाणे, घोडबंदर आणि वसई-विरारच्या वाहतुकीत अर्धा दिवस जाऊ शकतो. सोलापूर ते जैसलमेर सरळ गेलात तर साधारण १४५० ते १५०० किलोमीटर होतात. रण जोडलं तर एका बाजूला तीन-चारशे वाढतात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडचा गाळप हंगाम, हे लक्षात असू द्या. या संपूर्ण प्रवासातला सगळ्यात धोकादायक पट्टा वाळवंटात नसून सोलापूर ते बीडच्या दरम्यान आहे: मागे दिवा नसलेल्या, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या उसाच्या ट्रॅक्टरांचा. पहाटे तीनला निघून "ट्रॅफिक चुकवण्याचा" बेत इथेच अंगाशी येतो. साडेपाच-सहाला निघा आणि पहिला मुक्काम धुळ्यातच करा.

किती दिवस लागतात?

बारा दिवस असतील तर नीट होतं. पहिला मुक्काम धुळे, दुसरा अहमदाबाद. तिसऱ्या दिवशी दसाडा किंवा झैनाबादला पोचून छोट्या रणात रानगाढवांची सफारी. चौथ्या दिवशी राधनपूर, सांतलपूर, रापरमार्गे धोळावीरा. पाचवा दिवस धोळावीरा आणि पांढऱ्या रणासाठी. सहाव्या दिवशी मागे राधनपूरला येऊन थराद, सांचोरवरून बाडमेर. हा पल्ला चारशेच्या आसपास आहे, म्हणून लवकर निघावं. सातव्या दिवशी बाडमेर ते जैसलमेर, फक्त दीडशे किलोमीटर, म्हणजे वाटेत थांबायला सवड मिळते. मग जैसलमेरला तीन रात्री. परतीला जोधपूर-उदयपूर-अहमदाबाद किंवा उदयपूर-रतलाम-इंदूर-धुळे.

आठच दिवस असतील तर रण सोडा आणि सरळ जैसलमेर करा. दोन्ही कोंबायला गेलात तर फक्त महामार्गच पाहून याल.

टायरमध्ये हवा किती ठेवावी? उन्हात कमी भरावी म्हणतात, ते खरं का?

खोटं आहे, आणि टायर फुटण्याचं ते एक मोठं कारण आहे. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, वाकल्याने तापते, आणि चार माणसं व सामान घेऊन शंभरच्या वेगाने दोन-तीन तास गेल्यावर आतले थर सुटू लागतात. फुटतो तो या उष्णतेने. वाढलेल्या हवेच्या दाबाने नव्हे.

चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत एक पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावर "पूर्ण भार" या रकान्यात जो आकडा आहे तो भरा. हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासा. चालून तापल्यावर दाब चार-पाच पीएसआयने वाढलेला दिसेल. तेव्हा हवा काढू नका, ती वाढ धरूनच पट्टीवरचा आकडा दिलेला असतो. नायट्रोजन भरला असेल तरी उत्तम, पण वाटेत मिळाला नाही म्हणून साधी हवा भरायला कचरू नका.

टायरचं वय बघा. बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं उलटलेला टायर नक्षी शिल्लक असली तरी या प्रवासाला नेऊ नये. सोलापूरच्या उन्हात उभ्या गाडीचं रबर लवकर कडक होतं. बाजूच्या भिंतीवर केसासारख्या चिरा दिसल्या की निर्णय झालाच समजा.

स्टेपनीत हवा आहे का, तेही आजच बघा. नव्या गाड्यांमध्ये बऱ्याचदा बारीक स्टेपनी देतात. ती ताशी ८० किलोमीटरपर्यंतच आणि पंक्चरच्या दुकानापर्यंतच. जोडीला बारा व्होल्टवर चालणारा कंप्रेसर, ट्यूबलेस पंक्चरचं किट आणि जॅकखाली ठेवायला फूटभर लांबी-रुंदीची जाड फळी घ्या. वाळूत फळीशिवाय जॅक गाडीऐवजी स्वतःच खाली जातो. रस्त्याच्या कडेला विलायती बाभळीचे काटे असतात, तेव्हा पंक्चर एक तरी होणार असंच धरून चाला.

गाडीत आणखी काय तपासून घ्यावं?

कूलंट. नळाचं किंवा बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं ओतलेलं असेल तर आत क्षार बसलेले असतात. मग शहरात गाडी ठीक वाटते आणि एसी लावून लांब चढण आली की तापमानाचा काटा चढतो. फ्लश करून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरून घ्या. वाटेत गाडी तापलीच तर एसी बंद करून हीटर पूर्ण लावा, बाजूला थांबा आणि अर्धा तास तरी रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका.

बॅटरी चार वर्षांची झाली असेल तर बदला. दिवसा कुरकुर न करणारी बॅटरी जैसलमेरच्या चार-पाच अंशांच्या पहाटे मान टाकते. एअर फिल्टर नवा टाकून जुना डिकीत ठेवा. वायपरचं रबर आणि काच धुण्याचं पाणी बघा. धुळीच्या काचेवर कोरडा वायपर फिरवला की कायमचे ओरखडे पडतात. डिझेल गाडीला डीईएफ (धूर स्वच्छ करणारं युरियाचं द्रावण) लागत असेल तर त्याची टाकी अहमदाबादेत भरून घ्या.

सीएनजी गाडी चालेल का?

चालेल. गुजरातमध्ये पंप भरपूर आहेत. राजस्थानात शिरल्यावर मात्र पेट्रोलवर चालवायची या हिशेबानेच निघा. सिलिंडरमुळे डिकीत जागा राहत नाही, आणि सामान टपावर बांधलं की मायलेज घटतं. पेट्रोलचे इंजेक्टर महिनोन्‌महिने न वापरलेले असतील तर निघण्याआधी आठवडाभर गाडी पेट्रोलवर चालवा. खडखड असेल तर ती सोलापुरातच कळू द्या.

पेट्रोल संपण्याची भीती कुठे असते?

तनोटच्या फेरीत. जैसलमेर ते रामगढ ६५, तिथून तनोट ५५, तनोट ते लोंगेवाला चाळीसच्या आसपास, आणि लोंगेवालाहून रामगढमार्गे परत. एकूण पावणेतीनशे किलोमीटर धरा. एसी लावून लिटरला १५ मिळत असतील तर १८-१९ लिटर. टाकी जैसलमेरला काठोकाठ भरली तर कुठल्याही कारला हे जमतं. रामगढच्या पुढे पंप मिळेल या भरवशावर राहू नका. पेट्रोल गुजरातमध्ये स्वस्त आणि राजस्थानात महाग असतं, म्हणून थरादला टाकी भरूनच हद्द ओलांडा. रण ओलांडणाऱ्या खावडा-धोळावीरा रस्त्यावर जातानाही भुज किंवा रापरला भरून घ्या.

आपली गाडी वाळूच्या टेकड्यांवर न्यावी का?

नाही. फोर बाय फोर नसेल तर अजिबात नाही, आणि असेल तरी एकट्याने नाही. व्हिडिओत दिसणाऱ्या गाड्यांच्या टायरची हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवलेली असते आणि ओढायला दुसरी गाडी बाजूला उभी असते, हे कॅमेऱ्यात येत नाही.

रस्त्याकडेला गाडी रुतली तर?

वळताना किंवा फोटोसाठी थांबताना चाक डांबराखाली उतरतं आणि रुततं. हे वरचेवर घडतं. पहिली चूक म्हणजे एक्सलेटर दाबणं. चाक जागेवर फिरलं की ते स्वतःचा खड्डा खोदतं, आणि गाडीचं पोट एकदा वाळूवर टेकलं की मग ढकलून काही उपयोग होत नाही.

थांबा, सगळ्यांना उतरवा, जड सामान काढा. चारही चाकांच्या पुढची-मागची आणि पोटाखालची वाळू हाताने किंवा ताटलीने काढा. इंजिनाची ताकद ज्या चाकांना मिळते त्यांची हवा २० पीएसआयपर्यंत उतरवा. बहुतेक लहान गाड्यांत ही पुढची चाकं असतात. मग पायपुसणी उलटी करून त्या चाकांना मागून अगदी चिकटवून ठेवा आणि ज्या वाटेने आत आलात त्याच वाटेने, स्टेअरिंग सरळ ठेवून, रिव्हर्समध्ये हलकेच बाहेर काढा. बहुतेकदा रिव्हर्समध्येच निघते, कारण मागची वाळू चाकांनी दाबून घट्ट झालेली असते. पायपुसणी पुढे उडते, म्हणून तिच्या रेषेत कुणी उभं राहू नये. डांबरावर आलात की कंप्रेसरने हवा लगेच पूर्ववत भरा.

रात्री गाडी चालवली तर काय बिघडतं?

उंट बिघडवतो. गाय किंवा नीलगाय निदान दिव्याच्या झोतात येते. उंटाचे फक्त पाय झोतात दिसतात, धड झोताच्या वर अंधारात असतं. धडक बसली तर बॉनेट पायांना लागतं आणि पाच-सहाशे किलोंचं शरीर थेट काचेवर येतं. सूर्यास्ताला मुक्काम गाठायचा, हा नियम मोडू नका.

त्यासाठी उजेडाचा हिशेब हवा. डिसेंबरात जैसलमेरला सूर्य सोलापूरपेक्षा अर्ध्या तासाहून उशिरा, सकाळी साडेसातच्या सुमारास उगवतो. मावळतो मात्र जवळपास आपल्याच वेळेला, सहाच्या आत. दिवस साडेदहा तासांचा. म्हणून "इथे रोज सहाला निघतो, तिथेही निघू" हे जमत नाही. वाळूच्या टेकड्यांसाठी लोक जातात ते सम गाव जैसलमेरच्या पश्चिमेला आहे, तेव्हा संध्याकाळी तिकडे जाताना सूर्य डोळ्यांवर येतो. चारलाच पोचा.

धुळीचं वादळ आलं तर?

हिवाळ्यात सहसा येत नाही, उन्हाळ्यात येतं. वेग कमी करत डांबरावरून पूर्ण खाली, कडक जमीन बघून उतरा. हँडब्रेक लावा आणि ब्रेकवरून पाय काढा. मागचा चालक तुमचा लाल दिवा धरून तुमच्या मागे येऊ शकतो. काचा बंद, एसी आतल्या हवेवर.

तनोट आणि लोंगेवालासाठी परवाना लागतो का?

भारतीय नागरिकांना नाही. मूळ आधार कार्ड मात्र प्रत्येकाचं जवळ हवं. तनोट मातेच्या मंदिराची व्यवस्था सीमा सुरक्षा दल पाहतं, आणि १९६५ च्या युद्धात न फुटलेले तोफगोळे तिथे ठेवलेले आहेत. लोंगेवालाला ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या कंपनीने रणगाड्यांचा हल्ला पहाटेपर्यंत रोखून धरला. उजाडल्यावर जैसलमेरहून हवाई दलाची हंटर विमानं आली. ती जागा, ते रणगाडे आजही तिथेच आहेत. तनोटच्या पुढे प्रत्यक्ष सीमेपर्यंत जायचं असेल तर मात्र आधी परवानगी लागते.

चौक्यांचे, जवानांचे, वाहनांचे फोटो काढू नका. ड्रोन घरीच ठेवा. सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं उपकरण परवान्याशिवाय बाळगणं हा देशभर गुन्हा आहे. परदेशातून आलेल्या नातेवाइकांच्या सामानात ते असू शकतं, विचारून घ्या. पोखरणच्या बाजूने जाताना फायरिंग रेंजच्या पाट्या दिसल्या की रस्ता सोडून उतरायचं नाही.

नान्नजला माळढोक दिसत नाही. जैसलमेरला दिसेल का?

शक्यता तिथेच आहे, खात्री कुणी देऊ नये. नान्नजचं अभयारण्य १९७९ चं, पण आज तिथे काळवीट दिसतील, खोकड दिसेल, माळढोक दिसणं दुर्मीळ झालंय. देशात आता दीडशेच्या आसपासच पक्षी उरलेत असं मानतात आणि त्यातले बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात आहेत. तिकडे त्याला गोडावण म्हणतात, तो राजस्थानचा राज्यपक्षी आहे. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते. त्यात या पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही आणि अंग जड, त्यामुळे वीजवाहिन्यांना धडकून मरतो. पवनचक्क्यांच्या रांगा बघताना त्यांना जोडणाऱ्या तारांकडेही लक्ष द्या.

मरू राष्ट्रीय उद्यान ३१६२ चौरस किलोमीटरचं, जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत पसरलेलं आहे. त्याला ना कुंपण ना एखादी भव्य कमान, आत गावं आहेत, शेतं आहेत. माळढोकासाठी जायचं ते सुदासरीच्या बंदिस्त भागाकडे. परवानगी जैसलमेरच्या वन्यजीव विभागाच्या कार्यालयातून आदल्या दिवशीच घ्या आणि स्थानिक वाटाड्या बरोबर न्या. उजाडल्यापासून पहिले दोन तास महत्त्वाचे. गाडी मळलेल्या वाटेवरच ठेवा, खाली उतरू नका. घरटं जमिनीवर उघड्यावर असतं आणि मादी उठली की कावळ्या-कोल्ह्यांना अंडं सापडतं. पक्षी नाही दिसला तरी चिंकारा, वाळवंटी कोल्हा, गिधाडं आणि पखुर्ड्यांचे थवे हमखास दिसतात. दुर्बीण ८ × ४२ ची पुरते.

मुक्कामाला सम की खुरी?

पोरांना उंट, जीप, नाचगाणं हवं असेल तर सम. झोप हवी असेल तर खुरी, हेही टेकड्यांजवळचंच गाव. समच्या तंबूंत रात्री उशिरापर्यंत डीजे चालतो, हे बुकिंग करताना कुणी सांगत नाही. जीप सफारीत मागे उभं राहू देतात, राहू नका. मणक्याला दणके बसतात. उंटाचा दर बसण्याआधी ठरवा आणि तो माणशी की उंटामागे, किती वेळाचा, हेही विचारा.

जैसलमेर शहरात किल्ल्याच्या बाहेर राहा. ११५६ मध्ये वसवलेल्या या किल्ल्यात आजही लोक राहतात, पण वापरलेलं पाणी मुरून त्याचा पाया खचतोय. शिवाय गाडी खालीच ठेवून सामान वर वाहावं लागतं.

वाटेत आणखी कशासाठी थांबावं?

बाडमेरहून येताना जैसलमेरच्या सतरा किलोमीटर आधी आकल वुड फॉसिल पार्क लागतं. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या, दगड झालेल्या झाडांचे ओंडके उघड्या माळावर पडलेत. तासभर पुरे, फक्त दुपारी बारा टाळा. जैसलमेरजवळचं कुलधरा हे ओसाड गाव पाहायला अर्धा तास लागतो. भुताच्या गोष्टी सांगणाऱ्याला वेगळे पैसे देण्याची गरज नाही.

रणात गाडी नेता येते का?

पांढऱ्या रणाला भिरंडियाऱ्याच्या नाक्यावर किंवा ऑनलाइन परवाना मिळतो, आणि गाडी वाहनतळावरच थांबते. पुढे मिठावर चाकं घालू नका. वरचा थर कडक दिसतो, खाली चिखल असतो. चांगला पाऊस झालेल्या वर्षी नोव्हेंबरात तिथे पाणीच असतं. छोट्या रणातलं रानगाढवांचं अभयारण्य ४९५४ चौरस किलोमीटरचं आहे आणि जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतं. तिथेही स्थानिक जीपच करा, कारण मैदान सपाट आणि सगळीकडे सारखं, दिशा चुकते.

दारू बरोबर नेता येईल का?

गुजरातमध्ये दारूबंदी आहे. राजस्थानातून अहमदाबादमार्गे परत येतानाही हाच रस्ता आहे, हे विसरू नका. सीलबंद बाटलीही चालत नाही. अर्धी उरलेली डिकीत राहिली तर गाडी जप्त होऊ शकते.

खायला-प्यायला काय न्यावं?

वीस लिटरचा पाण्याचा जार कायम भरलेला, शिवाय माणशी दोन लिटर हाताशी. जार हा गाडी बंद पडली तर प्यायचा साठा आहे, रोज हात धुवायला नाही. मीठ-साखरेचं पाणी करायचं तर एक लिटरला चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

खाण्याच्या बाबतीत सोलापूरकर नशीबवान. कडक भाकरी आणि शेंगा चटणी बारा दिवस टिकते, वाळवंटाच्या कोरड्या हवेत तर भाकरी मऊही पडत नाही. ढाब्यावर ताक किंवा दही घ्या, जेवण झालं. तिकडचं खायचं तर बाजरीचा सोगरा आणि कैर-सांगरी मागा. तनोटच्या फेरीत मात्र डबा बरोबरच असू द्या.

थंडी खरंच एवढी असते?

असते. दुपारी २५ अंश आणि पहाटे ५, कधी त्याखाली. वाळू उष्णता धरून ठेवत नाही. स्वेटरवर वारा अडवणारं जाकीट, कानटोपी, आणि माणशी एक सोलापुरी चादर. तंबूत देतात त्या रजया जड असतात, पण ओलसर निघतात. आपली चादर आधी अंगाला, रजई वर.

मोबाइल चालतो का?

शहरांत चालतो, रामगढनंतर तुटतो. प्रीपेड सिम चालतं. गुगल मॅप्सचे ऑफलाइन नकाशे सोलापुरातच उतरवून घ्या, आणि तनोटला निघताना हॉटेलवाल्याला परतण्याची वेळ सांगून ठेवा. नकाशा कच्च्या वाटेचा "शॉर्टकट" दाखवेल, घेऊ नका.

दवाखाना?

जैसलमेरचं सरकारी जवाहर रुग्णालय. वाटेत ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८. या भागात फुरसं आढळतं, हिवाळ्यात कमी. तंबूबाहेर काढलेले बूट सकाळी झटकून घाला. साप चावला तर चिरायचं, बांधायचं, चोखायचं नाही. तो भाग हलू न देता थेट रुग्णालय.

घरी आल्यावर गाडीचं काय करायचं?

रणात गेली असेल तर घरी येण्याची वाट बघू नका. भुजला किंवा रापरलाच खालून जोराच्या पाण्याने धुवून घ्या. तो चिखल खारट असतो, सायलेन्सर आणि ब्रेकच्या नळ्यांना गंज धरतो. सोलापुरात आल्यावर एअर फिल्टर आणि एसीचा केबिन फिल्टर बदला, ब्रेक उघडून आतली वाळू काढायला सांगा. दाराच्या रबराच्या खाचांतली वाळू मऊ ब्रशने काढा. फडक्याने पुसली की रंग खरवडतो.